काटकसर कोणाची? : ‘रिट्रेंच’ ह्या क्रियापदाविषयी

जपून खर्च करणे ह्या एका साध्या व्यवहारासाठी इंग्रजी भाषेने क्रियापदांची मात्र मुळीच काटकसर केलेली नाही. ‘सेव्ह’ आहे, ‘इकॉनॉमाइझ’ आहे, ‘स्टिंट’ आहे, ‘स्क्रिम्प’ आहे. एवढेच कशाला, ‘हजबंड’ हा शब्दही क्रियापद म्हणून चालतो, आणि त्याचा अर्थ हाती असलेली सामग्री पुरवून पुरवून वापरणे असा आहे. घराचा धनी ह्या अर्थाचा तो शब्द मुळात उत्तरेकडील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. तेव्हा घर चालवितो तो धनी आणि जपून चालविणे हा त्याचा धर्म, अशी ही सांगड. आमच्या घरांतून हा धर्म प्रत्यक्षात कोणी पाळला, ह्याची चर्चा येथे न केलेली बरी. ‘इकॉनॉमी’च्या मुळाशीही ग्रीक भाषेतले घरच आहे.

ह्या मालिकेतले एक क्रियापद मात्र घरातून आलेले नाही. ते कुऱ्हाडीच्या घावातून आलेले आहे. ते म्हणजे ‘रिट्रेंच’. शब्दकोशात त्याचा अर्थ खर्च कमी करणे, राहणी आवरती घेणे असा सापडेल. परंतु आम्हां ग्वाल्हेरकरांना हे क्रियापद केवळ कोशातून भेटलेले नाही. ज्या गावाचे नावच ‘लष्कर’ आहे, त्या गावाचे लष्कर एका तहाने कापले गेले. ज्या संस्थानाच्या दिवाणाने स्वतःच्या पगारापासून काटछाट आरंभिली, त्याच्या नोंदी आपल्या पूर्वजांनी मोडीत लिहिल्या. आणि फूलबागेतल्या मोतीमहालात ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांच्या बिलांवर हाच शब्द लाल शाईने येत असे. एका शब्दाशी गावाचा इतका जुना संबंध असावा आणि त्याविषयी आपल्याकडे कोणी लिहू नये, हे आम्हांस बरे वाटले नाही, म्हणून हा प्रपंच.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. फ्रेंचमध्ये ‘त्रांशे’ म्हणजे कापणे. त्याला ‘रि’ हा उपसर्ग लागून कापून वेगळे करणे, छाटून टाकणे असा अर्थ झाला आणि तो शब्द इंग्रजीत आला. ‘ट्रेंच’ म्हणजे चर किंवा खंदक, हा त्याचा सख्खा भाऊ. जमीन कापून काढलेला तो चर. म्हणूनच युद्धशास्त्रात ‘रिट्रेंचमेंट’ ह्या शब्दाला निराळाच अर्थ होता. किल्ल्याचा बाहेरचा तट शत्रूने पाडलाच, तर मागे हटून लढता यावे यासाठी आतल्या बाजूस जो दुसरा खंदक वा बांध घालून ठेवीत, त्याला हे नाव होते. बाहेरचे सोडावयाचे आणि आतले राखावयाचे, हे दोन्ही अर्थांत समान आहे. फरक एवढाच, की किल्ल्यात बाहेरचे कोणते आणि आतले कोणते हे डोळ्यांना दिसते. घरात आणि राज्यात ते कोणीतरी ठरवावे लागते. आणि जो ठरवितो, तो सहसा स्वतःला आतल्याच बाजूस धरतो.

हे आमचे म्हणणे नवे नाही. जेन ऑस्टिन ह्या इंग्रज लेखिकेची ‘पर्स्युएशन’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच सर वॉल्टर एलियट नावाचा एक कर्जबाजारी, परंतु घराण्याच्या तोऱ्यात राहणारा जमीनदार आहे. आता ‘रिट्रेंच’ केल्यावाचून गत्यंतर नाही हे त्याच्या ध्यानी येते आणि तो थोरल्या मुलीला उपाय विचारतो. मुलगी मोठ्या गांभीर्याने विचार करते आणि सुचविते काय? काही दानधर्म बंद करावा, दिवाणखान्याचे नवे सामान तूर्त घेऊ नये आणि दरवर्षी धाकट्या बहिणीसाठी जी भेटवस्तू आणतो ती यंदा आणू नये. घोडे, गाडी, मेजवान्या ह्यांचा विषय निघत नाही. शेवटी वाडा भाड्याने देऊन मंडळी बाथ शहरी जाऊन राहतात. आपल्याकडील जुन्या सरदार घराण्यांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे प्रकरण परदेशी वाटणार नाही. वाड्याचा पुढचा चौक भाड्याने गेला तरी दसऱ्याचा सरंजाम तसाच चालू, आणि कपात मात्र विधवा आत्याच्या दुधाची, अशी घरे लष्करात होती.

आता मराठीकडे वळू. ‘काटकसर’ ह्या आपल्या शब्दात दोन अवयव स्पष्ट ऐकू येतात. पहिला ‘काट’ हा काटण्याचा, छाटण्याचा. दुसरा ‘कसर’ हा अरबीतून आलेला. अरबीत ‘कस्र’ म्हणजे मोडणे, आणि त्यावरून गणितातला अपूर्णांक. मराठीत कसर म्हणजे उणीव, तूट. ती राहते आणि ती भरूनही काढतात. आमच्या इकडच्या मराठीत तर हिंदीच्या शेजाराने हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. शिवाय मराठीत पुस्तकांना आणि लोकरी कपड्यांना लागते तीही कसरच. तिचा ह्या कसरीशी संबंध नसेलही. परंतु अतिकाटकसरी गृहस्थाच्या कपाटातला शालजोड पाहिला म्हणजे संबंध असावा असे वाटू लागते.

‘रिट्रेंच’ आणि ‘काटकसर’ ह्या दोन्ही शब्दांत कापण्याची क्रिया आहे. तरीही त्यांच्या व्याकरणात एक मोठा भेद आहे आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ‘रिट्रेंच’ हे क्रियापद पूर्वी कर्मावाचून चालत असे. मनुष्य ‘रिट्रेंच’ करतो म्हणजे तो स्वतःची राहणी आखडती घेतो. दुसरा प्रयोग सकर्मक, कर्म ‘खर्च’: खर्चाला कात्री लावली. तिसरा प्रयोगही सकर्मकच, परंतु कर्माच्या जागी मनुष्य: कारकुनांना ‘रिट्रेंच’ केले. आज आपल्या देशात हा तिसरा प्रयोगच सर्वत्र कानी पडतो, आणि तोही बहुधा कर्मणी, जेथे कर्ता दिसतच नाही. अमुक इतके लोक ‘रिट्रेंच’ झाले. कोणी केले? वाक्य सांगत नाही.

मराठी ‘काटकसर’ ह्या वाटेने जाऊच शकत नाही. विजेची काटकसर होते, पैशाची होते, शब्दांचीही होते. परंतु ‘रामभाऊंची काटकसर’ असे म्हटले की तिचा अर्थ रामभाऊंनी केलेली काटकसर असाच होतो. रामभाऊंना नोकरीवरून काढले, असा अर्थ कोणीही मराठी मनुष्य घेणार नाही. षष्ठी विभक्ती लागली की मनुष्य आपोआप कर्ता होतो. त्याला कर्म करावयाचे असेल तर दुसरा शब्द शोधावा लागतो, ‘कपात’ किंवा हिंदीतला ‘छँटनी’. भाषेने ही दोन खाती वेगळी ठेवली आहेत. पोटाला चिमटा घेणे हा वाक्प्रचारही पाहा. चिमटा आपलाच आणि पोटही आपलेच. इंग्रजीने एकाच क्रियापदात दोन्ही खाती जमा केली, आणि राज्यकारभाराला ते फार सोयीचे झाले. सरकार काटकसर करीत आहे असे म्हणावयाचे आणि माणसे घरी पाठवावयाची, हे एका शब्दात साधू लागले.

कंपनी सरकारात ह्या शब्दाचा डंका पिटला तो लॉर्ड विल्यम बेंटिंक ह्याने. तो १८२८ ते १८३५ ह्या काळात गव्हर्नर जनरल होता आणि ब्रह्मदेशाच्या युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरण्याची आज्ञा घेऊनच आला होता. त्याने पहिल्याच वर्षी लष्करी अंमलदारांचा भत्ता अनेक ठाण्यांवर निम्मा केला. त्यातून बचत थोडी झाली आणि शिव्याशाप अपार मिळाले. गोऱ्या अंमलदारांनी त्याला कातरी चालविणारा डच असे टोपणनाव ठेवले. विलायतेतही त्याच सुमारास शांतता आणि सुधारणा ह्यांच्या जोडीला ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द व्हिग पक्षाच्या घोषवाक्यात जाऊन बसला होता. ह्याच बेंटिंकच्या काळात, १८३१ मध्ये, दिवाणी न्यायाच्या कामात एतद्देशीय न्यायाधीशांचे अधिकार वाढविण्यात आले. उदार विचार होता हे खरेच. परंतु गोऱ्या न्यायाधीशापेक्षा हिंदी मुन्सफ पुष्कळच स्वस्त पडतो, हाही विचार होता. इंग्रजी अमलातल्या आपल्या सरकारी नोकरीचा उगम काही अंशी दुसऱ्यांच्या पगारावर चाललेल्या कातरीत आहे, हे निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी विसरू नये.

ग्वाल्हेरवर ही कातरी चालली ती १८४४ साली. जनकोजीराव शिंदे १८४३ च्या फेब्रुवारीत निपुत्रिक वारले. ताराबाईसाहेबांनी आठ वर्षांच्या जयाजीरावांना दत्तक घेतले. दरबारात दोन तट पडले. लॉर्ड एलेनबरो ह्याला ग्वाल्हेरची मोठी फौज उत्तर सीमेवरील शीख राज्याइतकीच डोळ्यांत सलत होती. २९ डिसेंबर १८४३ ह्या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या आणि दोन्हींत शिंद्यांचे सैन्य हरले. महाराजपूरच्या तोफखान्याने ज्या नेटाने मारा केला, त्याची वाखाणणी जिंकणाऱ्यांनीही केली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १३ जानेवारी १८४४ रोजी, तह झाला.

तहातले आकडे असे. दरबाराने स्वतःजवळ ९००० हून अधिक सैन्य बाळगू नये. त्यांत पायदळ ३००० हून अधिक नसावे. तोफा एकंदर ३२. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची कंटिंजंट फौज मात्र वाढवून सुमारे १०००० करावी आणि तिच्या खर्चासाठी १८ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लावून द्यावा. हे आकडे शांतपणे पुन्हा वाचावेत. खर्च कमी झाला नाही. हुकमत कोणाची, एवढेच बदलले. ‘रिट्रेंचमेंट’ ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले. दरबाराच्या बाजूने ती काटछाट होती. कंपनीच्या बाजूने तो शत्रूच्या तटाआड खणलेला आपला खंदक होता.

तोफांचे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. जिंकलेल्या तोफांच्या काशापासून सैनिकांना देण्यासाठी तारकेच्या आकाराची पदके केली गेली, महाराजपूरची निराळी आणि पनिहारची निराळी. लष्करच्या तोफखान्याचा धातू असा विलायतेतल्या घराघरांतून, खेडोपाडीच्या कपाटांत जाऊन बसला. आजही तो संग्राहकांच्या लिलावांत फिरतो.

माणसांचे काय झाले, हे सांगणे अधिक कठीण. कारण काशाप्रमाणे माणसांवर शिक्का नसतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. सुतार, लोहार, मोची, शिकलगार, सराफ, भटभिक्षुक, कारकून ह्या सर्वांचे पोट फौजेवर. अशा गावात हजारो शिपायांचा पगार एका जानेवारीत थांबला म्हणजे केवळ शिपायांचाच नव्हे, त्यांच्या वाण्याचाही हिशेब थांबतो. हातात तलवार असलेला आणि कोठेच नाव नसलेला मनुष्य मुलखात फिरू लागला. त्यापुढील सात-आठ वर्षांत संस्थानात बेबंदशाही माजली आणि वसुली खालावली, ह्यावर पुढचे सर्व इतिहासकार एकमत आहेत. खर्च वाचविण्याच्या नावाने जे केले, त्यानेच तिजोरी रिती झाली. आणि ज्या कंटिंजंटसाठी दरबारची फौज कापली, ती १४ जून १८५७ रोजी मुरारला उठली. पुढे तात्या टोप्यांच्या हाताखाली कानपुरापर्यंत जाऊन तिने इंग्रजांना चांगलेच जेरीस आणले. काटछाट करणाऱ्यांच्या जमाखर्चात ही बाब कोणत्या सदरात लिहिली असेल, कोण जाणे.

ह्या विस्कटलेल्या घडीवर नेमणूक झाली ती दिनकरराव राजवाडे ह्यांची. रत्नागिरी जिल्ह्यात १८१९ मध्ये जन्मलेला हा चित्पावन तरुण पंधराव्या वर्षी शिंदेशाहीच्या चाकरीत शिरला. त्यांचे पूर्वजही येथेच चाकरीस होते. महसूल आणि पोलीस ह्या दोन खात्यांत हात घासून घेतल्यावर ते १८५० नंतरच्या त्या अवघड काळात दिवाण झाले आणि १८५९ च्या डिसेंबरापर्यंत राहिले. त्यांच्या कारभाराविषयी वाद आहेत आणि राहतील. १८५७-५८ मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही, त्यामुळे त्यांचे नाव घेताना फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे उभा असलेला मनुष्य अवघडतो. आम्हीही अवघडतो. परंतु येथे प्रश्न त्यांच्या काटकसरीचा आहे, आणि तेथे आमचे मत निश्चित आहे.

दिनकररावांनी पगार कमी केले, त्यांत स्वतःचाही केला. जाचक कर आणि पट्ट्या, ज्यांच्या वसुलीत रयत नागवली जाई आणि दरबारला फारसे मिळत नसे, त्या उठविल्या. म्हणजे खर्चाबरोबर त्यांनी उत्पन्नाच्या काही बाबीही मुद्दाम सोडल्या. आणि त्याच वेळी सार्वजनिक कामांवर पैसा घातला. परिणामी तुटीचे अंदाजपत्रक शिलकीचे झाले. आमच्या अल्पस्वल्प सरकारी अनुभवावरून आम्ही सांगू शकतो, की ह्या तिन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच वेळी होणे फार दुर्मीळ आहे. कपात करणारा अधिकारी बहुधा प्रथम रस्त्याची दुरुस्ती थांबवितो, मग रिकामी जागा भरत नाही, आणि स्वतःच्या गाडीकडे सर्वांत शेवटी पाहतो, तेही वर्तमानपत्रात आले तर. दिनकररावांनी ‘रिट्रेंच’चा पहिला, कर्मावाचूनचा अर्थ आधी पाळला आणि नंतर दुसऱ्यांवर सकर्मक प्रयोग केला. त्यांच्या हाताखालच्या कारकुनाला दोन रुपये कमी मिळाले असतील. परंतु वरच्याचेही कमी झाले आहेत, हे त्याला ठाऊक होते. कचेरीत ह्या ठाऊक असण्याला फार मोल आहे.

काटकसर आणि साठवण ह्यांत घोटाळा होऊ नये, म्हणून जयाजीरावांचाही उल्लेख केला पाहिजे. १८७४ मध्ये मायकेल फिलोजच्या आराखड्याने जयविलास उभा करणारा हा राजा काटकसरी होता असे कोण म्हणेल? परंतु साठविणारा तो खचित होता. त्याने इंग्रज सरकारला १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्या वर्षी तेवढेच इंदूर-नीमच मार्गासाठी. १८८६ मध्ये तो वारला, तेव्हा तळघरांतून निघालेल्या खजिन्याची चर्चा देशभर झाली. १८८७ मध्ये ग्वाल्हेर दरबारने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्ज दिले. ह्या गुप्त खजिन्याला ‘गंगाजळी’ म्हणत, आणि आज मराठी वर्तमानपत्रे रिझर्व्ह बँकेजवळच्या परकीय चलनासाठी तोच शब्द वापरतात. गंगेच्या पाण्याचा बंद गडू देव्हाऱ्यात असतो. तो रोजच्या तहानेसाठी नसतो. ज्या फौजेची तहाने छाटणी झाली तिच्यावर खर्च करता येईना, आणि पैशाने काय करावे हे ठरेना, तेव्हा तो जमिनीखाली गेला, असा आमचा तर्क आहे.

आता फूलबाग. ज्या रूपात आपण तिला ओळखतो ते रूप थोरल्या माधवराव महाराजांचे. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एका आवारात आणण्याची कल्पनाही त्यांचीच. योगायोग असा, की त्याच १९२२ मध्ये तुटीने बेजार झालेल्या हिंदुस्थान सरकारने लॉर्ड इंचकेप ह्याच्या अध्यक्षतेखाली ‘रिट्रेंचमेंट कमिटी’ नेमली. तिने पुढच्या वर्षी सुमारे सव्वाएकोणीस कोटी रुपयांची काटछाट सुचविली. विलायतेत त्याच वर्षी गेडिस ह्याच्या समितीने अशीच सपासप छाटणी सुचविली आणि तिला लोकांनी नावच दिले ‘गेडिसची कुऱ्हाड’. शब्दाच्या मुळाशी असलेली कुऱ्हाड अशी तीन शतकांनी पुन्हा वर आली.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्याचा आरंभ झाला आणि फूलबागेशेजारचा मोतीमहाल त्याचे सचिवालय झाला. राजधानी सहा महिने ग्वाल्हेर आणि सहा महिने इंदूर. फायलींच्या पेट्या आणि कारकुनांचे संसार वर्षातून दोनदा हलत, आणि हे सर्व ज्या कागदांवर चाले त्यांवर काटकसरीची परिपत्रके छापलेली असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली. मोतीमहालात राजस्व मंडळ, आबकारी अशा कचेऱ्या राहिल्या; परंतु लष्करातल्या किती तरी घरांतला कर्ता पुरुष भोपाळला गेला आणि म्हातारी माणसे जनकगंजात राहिली. कोणालाही काढले नव्हते. कागदोपत्री सर्वांचे ‘समायोजन’ झाले होते.

आम्ही नोकरीत शिरलो तो काळ १९८० नंतरचा. तेव्हाही जुन्या लिफाफ्यावर डिंकाची पट्टी चिकटवून तो पुन्हा वापरण्याची रीत होती, आणि ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द आम्ही प्रथम पाहिला तो प्रवासभत्त्याच्या बिलावर. हिशेब तपासणाऱ्या एका कचेरीने आमच्या बिलातील सव्वाअकरा रुपये अमान्य केले होते. लेखापरीक्षणाच्या भाषेत बिलातून अशी रक्कम कापून घेणे म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’. हा शब्दाचा चौथा अर्थ, बहुधा हिंदुस्थानी कचेऱ्यांतच वाढलेला. वित्तीय नियमांत त्यासंबंधी मोठी मासलेवाईक तरतूद होती. कपातीचा आदेश आला की बिल काढणाऱ्या अधिकाऱ्याने वाद घालीत बसू नये. रक्कम वसूल करावी. ज्याला अन्याय वाटेल त्याने योग्य त्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी. आधी कापा, मग बोला. सव्वाअकरा रुपयांसाठी आम्ही दाद मागितली नाही.

मोतीमहालातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर राणीसाहेबांची समाधी लागते. १८५४ मध्ये झांशी खालसा करताना कंपनी सरकारने त्यांना दरमहा ५००० रुपयांचे वेतन देऊ केले, आणि गंगाधररावांचे कर्ज त्या वेतनातून कापून घ्यावे असा आग्रह धरला. राज्यही कंपनीने घेतले, कर्ज मात्र विधवेच्या वेतनातून. त्यांनी ह्याला हरकत घेतली होती. आमच्या सव्वाअकरा रुपयांच्या शब्दाचा हा थोरला अवतार येथे, कचेरीच्या खिडकीतून दिसण्याइतका जवळ आहे, हे आमच्या ध्यानात यावयास नोकरीची बरीच वर्षे जावी लागली.

माणसाला कर्म करणाऱ्या अर्थावर कायद्याचा शिक्का बसला तो स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ‘रिट्रेंचमेंट’ची व्याख्या घातली गेली: शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपविणे. त्यासाठी एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा असे ठरले. आणि जो शेवटी आला तो आधी जाईल. ‘कोणत्याही कारणाने’ ह्या शब्दांवर पुढे जवळजवळ चाळीस वर्षे न्यायालयांत वाद चालला. १९५६ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने शब्दाचा रूढ अर्थ धरला, म्हणजे कामापेक्षा माणसे जास्त झाली म्हणून कमी करणे. १९७६ मध्ये स्टेट बँकेतल्या एका हंगामी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, नऊ दिवसांची नेमणूक मुदत संपून आपोआप गेली तरी ती ‘रिट्रेंचमेंट’च, असा व्यापक अर्थ लावला गेला, आणि १९९० मध्ये घटनापीठाने तोच उचलून धरला. एका क्रियापदाच्या अर्थासाठी इतक्या विद्वान माणसांनी इतकी वर्षे खर्च केल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. अर्थ रुंदावला तो काढलेल्या माणसाच्या बाजूने रुंदावला, हेही नोंदले पाहिजे.

परंतु ह्या रुंदीतही एक गोष्ट मावली नाही. गिरणीच संपूर्ण बंद झाली तर ती ‘रिट्रेंचमेंट’ नव्हे. तिच्यासाठी १९५७ मध्ये कायद्यात निराळे कलम घालावे लागले. १९२१ मध्ये स्थापन झालेली बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल १९९० च्या दशकात बंद पडली. तिच्या भोंग्यावर हजिरा भागातली घड्याळे लावली जात. तेथे छाटणी झाली नाही, झाडच गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तीतही हा शब्द आहे. जुन्या कायद्यात एक कलम असे होते, की कमी केलेल्या माणसाला, पुन्हा जागा निघाली तर, नवख्याच्या आधी विचारावे. नव्या संहितेत हा हक्क कमी केल्यापासून एका वर्षापुरता आहे. १८४४ च्या तहात अशी काही मुदत नव्हती. १८६० मध्ये, बंडात दरबार निष्ठेने राहिला म्हणून, इंग्रजांनी ग्वाल्हेरचे पायदळ ३००० वरून ५००० करण्यास आणि तोफा ३२ वरून ३६ करण्यास परवानगी दिली. दोन हजार जागा पुन्हा निघाल्या. महाराजपूरनंतर घरी पाठविलेल्यांपैकी त्या वेळी पंचविशीत असलेला शिपाई तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.